मेहबूब प्रॉडक्शन्स : भुकेची गोष्ट सांगणारी कंपनी

रमजान सुरू झाला की आमच्या स्टाफरूममध्ये दुपारच्या सुट्टीत दरवर्षी तोच प्रसंग घडतो. सहकारी डबे उघडतात, माझ्याकडे बघतात आणि ओशाळतात. "मॅडम, तुमच्यासमोर खायला कसंसंच वाटतं." मीही ठरलेलं उत्तर देते, "अहो, निवांत जेवा. रोजा माझा आहे, तुमचा नाही." गेल्या रमजानमध्ये अशाच एका दुपारी आमच्या गणित विभागातल्या ज्येष्ठ सरांनी भाजीचा डबा बाजूला सारत विचारलं, "मॅडम, फिल्म सर्कलमध्ये मुलांना 'मदर इंडिया' दाखवायचाय. तो बनवणारे मेहबूब खान... म्हणजे ते मुसलमान होते का हो? इतकी वर्षं सिनेमा बघतोय, पण हे कधी डोक्यातच आलं नाही."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. उलट मला बरंच वाटलं. बैलाच्या जागी स्वतःला नांगराला जुंपून घेणारी राधा बघताना दिग्दर्शकाचा धर्म कुणाच्या डोक्यात येत नाही, ही त्या सिनेमाची ताकद. पण सरांच्या प्रश्नाने मला एक जुनी अडचण आठवली. रमजान आला की "तुमच्या समाजाच्या योगदानावर काहीतरी लिहा" असा आग्रह होतो. 'योगदान' हा शब्द मला टोचतो. लग्नघरी पाहुण्याने आहेराचं पाकीट द्यावं, तसा तो वाटतो. घरातला माणूस घरात योगदान देत नसतो, तो फक्त राबतो. म्हणून यंदा योगदानाची यादी न करता एका राबणाऱ्या कंपनीची गोष्ट सांगते. तिचं नाव मेहबूब प्रॉडक्शन्स.

चाळीस चोरांपैकी एक

मेहबूब खान मूळचे गुजरातचे, बडोदा संस्थानातल्या एका खेड्यातले. जन्म १९०७ चा. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम आला. सिनेमाच्या ओढीने ते मुंबईत आले, आणि सुरुवातीला घोड्यांच्या तबेल्यात काम करत, असं सांगतात. पुढे अर्देशीर इराणींच्या इंपिरियल फिल्म कंपनीत ते एक्स्ट्रा म्हणून लागले. १९२७ च्या 'अलीबाबा'वरच्या मूकपटात त्यांचं काम होतं चाळीस चोरांपैकी एका चोराचं. पडद्यावर ते कुठे दिसतात, हे शोधावंच लागलं असतं!

बोलपट आला तेव्हा आपल्याला नायकाची भूमिका मिळेल अशी त्यांना आशा होती. 'आलम आरा'साठी त्यांच्या नावाचा विचार झाला होता, असा किस्सा चित्रपटसृष्टीत सांगितला जातो. भूमिका गेली आपल्या मराठी मास्टर विठ्ठल यांच्याकडे. मेहबूब हिरमुसले असतील, पण सागर मूव्हिटोनमध्ये ते दिग्दर्शनाकडे वळले आणि १९३५ मध्ये त्यांचा 'अल हिलाल' पडद्यावर आला. मग 'डेक्कन क्वीन', 'मनमोहन', 'जागीरदार', 'वतन', 'एक ही रास्ता' असे चित्रपट पाठोपाठ आले. तरी हे सगळं दुसऱ्याच्या छपराखाली चाललं होतं. पगार दुसऱ्याचा आणि शेवटचा शब्दही दुसऱ्याचा.

सागरचं रूपांतर नॅशनल स्टुडिओजमध्ये झालं आणि त्या नावाखाली मेहबूब यांनी दोन चित्रपट केले, ज्यांत पुढच्या कंपनीचं बीज आहे. पहिला १९४० चा 'औरत'. सावकाराच्या कर्जात बुडालेली, नवऱ्याविना मुलं वाढवणारी शेतकरीण ही त्याची नायिका. भूमिका सरदार अख्तर यांनी केली होती, पुढे त्याच मेहबूब यांच्या पत्नी झाल्या. दुसरा १९४२ चा 'रोटी'. एकीकडे पैशाला देव मानणारा शहरी धनवान, दुसरीकडे पैसा म्हणजे काय हेच ठाऊक नसलेले आदिवासी. या चित्रपटात ठुमरी-गझलच्या बेगम अख्तर यांनीही काम केलं आहे. शेवटी तो धनवान वाळवंटात पाण्यावाचून तडफडतो, आणि सोबतचं सोनं त्याच्या काही उपयोगाचं नसतं. सोन्याने तहान भागत नाही, ही गोष्ट रोजेदाराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दुपारी तीनच्या सुमारास ती त्याला आपोआप कळते.

विळा, हातोडा आणि दुआ

१९४० चं दशक हे मोठ्या स्टुडिओंची घडी विस्कटण्याचं दशक होतं. दिग्दर्शक, नट, संगीतकार सगळे महिना पगारावर ठेवायचे, ही जुनी रीत मोडत चालली होती. आपल्याकडे व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि १९४२ मध्ये त्यांनी राजकमल कलामंदिर काढलं. १९४३ मध्ये मेहबूब खान यांनी मेहबूब प्रॉडक्शन्स सुरू केली. काळ महायुद्धाचा होता. कच्च्या फिल्मवर सरकारचं नियंत्रण होतं आणि तिच्यासाठी परवाने लागत. अशा वेळी नोकरी सोडून स्वतःचं दुकान मांडायला छाती लागते.

कंपनीचं बोधचिन्ह बघून आजही लोक चमकतात. विळा-हातोडा, आणि त्यावर मेहबूब यांच्या नावाचं इंग्रजी आद्याक्षर. त्याच वेळी मागून भारदस्त आवाजात एक उर्दू शेर ऐकू येतो. माणसाच्या द्वेषापेक्षा खुदाची मर्जी मोठी, असा त्याचा आशय. बोधचिन्ह कामगार-शेतकऱ्यांचं आणि शेर ईश्वरावर भरवसा ठेवणारा. मेहबूब स्वतः नमाजी माणूस. चित्रीकरण चालू असतानाही त्यांनी नमाज सोडली नाही, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगत.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, देव मानणाऱ्या माणसाच्या कंपनीवर विळा-हातोडा कसा?" त्याचा गोंधळ मला समजतो. आपण पुस्तकात वेगवेगळे धडे वाचतो, त्यामुळे माणसंही धड्यांसारखी वेगवेगळी असतात असं वाटतं. मेहबूब पक्षीय राजकारणातले नव्हते. त्यांनी मार्क्स वाचला असण्याचा संभव कमीच. पण तबेल्यात घोड्यांची निगा राखणारा आणि चाळीसातला एक चोर होऊन दिवसाची मजुरी घेणारा माणूस हातोडा कुणाच्या हातात असतो हे पुस्तकाशिवायही ओळखतो. आणि मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, ही शिकवण आमच्या घरात मौलवीसाहेबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेली. मेहबूब यांच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नव्हतं.

एकदा जमलेली माणसं

कंपनीचा पहिला चित्रपट 'नजमा' (१९४३). अशोक कुमार आणि वीणा यांचा, लखनवी मुस्लिम घराच्या पार्श्वभूमीवरचा. त्याच वर्षी 'तकदीर' आला आणि चौदाएक वर्षांची एक मुलगी मोतीलालसमोर नायिका म्हणून उभी राहिली. तिचं नाव नर्गिस.

१९४५ मध्ये कंपनीने 'हुमायूं' काढला. त्यात मोगल बादशहा आणि राजपूत राजकन्या यांच्यातल्या भावाबहिणीच्या नात्याची गोष्ट आहे. देशात फाळणीची भाषा वाढत होती त्याच वर्षांत हा विषय निवडला गेला, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मग १९४६ चा 'अनमोल घडी'. नूरजहाँ, सुरैया आणि सुरेंद्र असे तीन गाणारे कलावंत एकाच चित्रपटात, आणि संगीत नौशाद यांचं. गाणी गावोगाव पोचली. दुसऱ्याच वर्षी देशाचे दोन तुकडे झाले. नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या. मेहबूब इथेच राहिले, आणि त्यांची कंपनीही. फाळणीच्याच वर्षी तिने 'ऐलान' काढला, मुस्लिम समाजात शिक्षण हवं हे ठासून सांगणारा. शिकवणं हाच माझा पेशा असल्याने या कमी चर्चेतल्या चित्रपटाबद्दल मला जास्त जिव्हाळा आहे.

कंपनी टिकली ती माणसांमुळे. छायालेखक फरीदून इराणी 'अल हिलाल'पासून मेहबूब यांच्याबरोबर होते आणि शेवटच्या चित्रपटापर्यंत राहिले. संकलक शमसुद्दीन कादरी वर्षानुवर्षं तेच. 'अनमोल घडी'पासून पुढे मेहबूब यांनी दिग्दर्शित केलेल्या एकाही चित्रपटाला नौशाद यांच्याशिवाय संगीत नाही. शकील बदायुनी गाणी लिहायला आले, ते राहिले. वजाहत मिर्झा 'औरत'मध्ये होते, सतरा वर्षांनी 'मदर इंडिया'तही होते. कन्हैयालाल यांनी 'औरत'मध्ये सावकार सुखीलाला रंगवला होता. 'मदर इंडिया' करताना मेहबूब यांनी नायिका बदलली, मुलं बदलली, पण सावकार तोच ठेवला. सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला तरी सावकार बदलला नव्हता, असं मी वर्गात म्हणते आणि मुलं हसतात.

जेमतेम शिकलेला हा माणूस अशा शिकल्यासवरलेल्या, आपापल्या कामात उस्ताद असलेल्या लोकांना कसा सांभाळत असेल? मला वाटतं, आपल्याला काय येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्याला ते येतं त्याला त्यांनी हाताशी धरलं, आणि मग सोडलं नाही. उर्दूत आणि आमच्या बोलीतही एक शब्द आहे, बरकत. थोडक्यात पुरवठा होणं, एकत्र बसून खाल्लं की अन्न वाढल्यासारखं वाटणं. या कंपनीत ती होती.

'अंदाज' आणि माझी तक्रार

१९४९ मध्ये मुंबईत मरीन लाइन्सजवळ लिबर्टी चित्रपटगृह उघडलं ते मेहबूब यांच्या 'अंदाज'ने. दिलीप कुमार आणि राज कपूर एकत्र आले तो एकमेव चित्रपट. मध्ये नर्गिस. पडद्यावर दिलीप कुमार यांना आवाज मुकेश यांचा आणि राज कपूर यांना रफींचा, म्हणजे पुढच्या काळात रूढ झाली त्याच्या बरोबर उलटी जोडी. नर्गिससाठी गायल्या लता मंगेशकर, तेव्हा विशीच्या आतल्या. 'अंदाज' तुफान चालला.

पण कौतुक करताना एक तक्रार नोंदवली पाहिजे. 'अंदाज'ची नायिका शिकलेली, मोकळी, पुरुषाशी मैत्री करू शकणारी आहे. शेवटी तिला जन्मठेप होते आणि दोष तिच्या आधुनिक वागण्यावर येतो. म्हणजे 'ऐलान'मध्ये शिक्षणाची बाजू घेणारे मेहबूब दोनच वर्षांत शिकलेल्या बाईला घाबरले की काय? मला तसं वाटतं. मोकळ्या बाईविषयीची ही भीती फक्त मेहबूब यांची नव्हती, त्या काळच्या सगळ्याच घरांत ती होती. माझ्या आजोळी होती, आणि माझ्या ब्राह्मण मैत्रिणीच्या आजोळीही होती. पाच वर्षांनी 'अमर' (१९५४) करताना मात्र मेहबूब यांनी दुसरी बाजू धरली. त्यात गरीब गवळणीवर अत्याचार करणारा माणूस दुसरातिसरा कुणी नसून सभ्य, सुशिक्षित, सगळ्यांचा लाडका वकील आहे, आणि ती भूमिका दिलीप कुमार यांना दिली. लोकांना ते पचलं नाही, चित्रपट पडला. पण स्वतःचे पैसे लावून असा नायक दाखवण्याचं धाडस स्वतःच्या कंपनीतच होऊ शकतं.

रंग आणि स्वतःचं छप्पर

'अमर'आधी कंपनीने आणखी एक जुगार खेळला होता. १९५२ चा 'आन'. रंगीत चित्रपट करायचा, तोही टेक्निकलरमध्ये. त्या पद्धतीचा कॅमेरा आणि प्रयोगशाळा इथे कुठून आणायची? मग तोडगा निघाला. चित्रण १६ मिलिमीटरच्या लहान रंगीत फिल्मवर करायचं आणि लंडनला नेऊन ती टेक्निकलरमध्ये मोठी करून घ्यायची. फरीदून इराणींनी ते निभावलं. दिलीप कुमार, निम्मी, प्रेमनाथ आणि नवा चेहरा नादिरा, जन्माने बगदादी यहुदी घरातली. 'आन' लंडनमध्ये 'सॅव्हेज प्रिन्सेस' या नावाने दाखवला गेला. फ्रान्समध्ये तर नाव बदलून निम्मीच्या पात्रावर ठेवलं, 'मंगला, भारतकन्या' अशा अर्थाचं. आपल्याकडे दुय्यम मानलेली ती गरीब मुलगी तिथे नायिका झाली.

१९५४ मध्ये वांद्र्याच्या हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ उभा राहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांचे स्टुडिओ भाड्याने घेऊन काम करणाऱ्या कंपनीला आता स्वतःचं छप्पर मिळालं. हे छप्पर त्यांनी इतरांनाही दिलं. नवकेतनसारख्या संस्थांची चित्रीकरणं इथे झाली, पुढे इथलं ध्वनिमुद्रणगृहही नावाजलं गेलं. १९५६ मध्ये झिया सरहदी यांचा 'आवाज' आणि मेहरीश यांचा 'पैसा ही पैसा' हे दोन चित्रपट मेहबूब यांनी दुसऱ्यांच्या दिग्दर्शनाखाली काढले. 'आवाज'मध्ये आपल्या उषा किरण आहेत. चालले नाहीत, पण मालकाने दुसऱ्याला संधी दिली हे खरं.

अम्मी आणि काकूंचा 'मदर इंडिया'

आता सरांच्या प्रश्नाकडे येते. 'औरत' पुन्हा काढायचा, रंगीत, मोठ्या पटावर, आणि नाव 'मदर इंडिया'. हे नाव म्हणजे तेव्हा जखमेवरची खपली होती. १९२७ मध्ये कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंनी याच नावाचं पुस्तक लिहून भारतीयांची, विशेषतः इथल्या स्त्रियांच्या स्थितीवरून, नालस्ती केली होती. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार-निरीक्षकाचा अहवाल म्हटलं होतं. साहजिकच १९५५ मध्ये हे नाव कानावर जाताच केंद्र सरकारच्या खात्यांनी पटकथा तपासायला मागितली. कंपनीने पटकथा पाठवली आणि सोबत पत्र जोडून कळवलं की, आमचा चित्रपट त्या पुस्तकाच्या अगदी उलट आहे, आणि नाव आम्ही मुद्दाम तेच ठेवलं आहे. शिवी म्हणून वापरलेलं नाव उचलायचं, धुवायचं आणि ओवाळणीच्या ताटात ठेवायचं, असा हा प्रकार होता. आणि तो यशस्वी झाला. आज 'मदर इंडिया' म्हटल्यावर मेयोबाई कुणाला आठवतात?

चित्रीकरणाचा बराचसा भाग गुजरातमधल्या गावांत झाला. आगीच्या प्रसंगात ज्वाळा भडकल्या, नर्गिस आत अडकल्या आणि पडद्यावर त्यांचा मुलगा झालेले सुनील दत्त यांनी आत शिरून त्यांना बाहेर काढलं. पुढच्या काळात, १९५८ मध्ये, दोघांचं लग्न झालं. हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून लांबवत नाही.

२५ ऑक्टोबर १९५७ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, चित्रपट लागला आणि लिबर्टीत वर्षाहून अधिक काळ चालला. परदेशी चित्रपटांच्या ऑस्करसाठी भारताने पाठवलेला तो पहिला चित्रपट. नामांकन मिळालं, पुरस्कार फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला गेला. अमेरिकेत पाठवलेल्या प्रतीतून विळा-हातोडा काढून टाकला होता, कारण शीतयुद्धाचे दिवस होते. कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवात नर्गिस यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला. ग्रीसमध्ये चित्रपट 'घामाने भिजलेली जमीन' अशा अर्थाच्या नावाने गाजला. उत्तर नायजेरियात तर तो दशकानुदशकं पुन्हा पुन्हा दाखवला गेला. त्या लोकांना हिंदी येत नव्हतं, पण कर्ज आणि दुष्काळ ठाऊक होता.

आमच्या गावात तो रिपीट रनला आला तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. अम्मी आणि शेजारच्या काकू दुपारच्या खेळाला गेल्या, मला मांडीवर घेऊन. मला एवढंच आठवतं की, अंधारात दोघी रडत होत्या आणि मी घाबरून अम्मीचा पदर ओढत होते. घरी येताना काकू म्हणाल्या, "भाभी, मी असते तर पोटच्या पोरावर बंदूक नसती उचलली हो." अम्मी आमच्या दखनीत म्हणाली, "काकू, गांव की बेटी की इज्जत का सवाल था ना. वो क्या करती?" काकू गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तेही खरंच." हा वाद दोघींमध्ये पुढे कित्येक वर्षं चालला. पापड लाटताना चालायचा, ईदच्या शीरखुर्म्याची खारीक चिरतानाही चालायचा. राधा हिंदू आणि ती पडद्यावर उभी करणारा मुसलमान, असा मुद्दा त्या वादात एकदाही आला नाही. भूक लागलेल्या पोरांची आई, एवढीच तिची जात होती.

नंतर

अशा उंचीवरून पुढे कुठे जायचं? १९६२ मध्ये 'सन ऑफ इंडिया' आला. मेहबूब यांनी दत्तक घेतलेला साजिद, 'मदर इंडिया'तला छोटा बिरजू, त्यात मुख्य भूमिकेत होता. चित्रपट चालला नाही. त्यातलं लहान मुलांचं कूचगीत मात्र आजही १५ ऑगस्टला शाळाशाळांतून वाजतं. ते मेहबूब यांच्या शेवटच्या चित्रपटातलं आहे, हे गाणाऱ्या मुलांना ठाऊक नसतं. काश्मीरची कवयित्री हब्बा खातून हिच्यावर त्यांना चित्रपट करायचा होता, तो राहून गेला. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू गेले. दुसऱ्याच दिवशी मेहबूब खान गेले. देश एका शोकात बुडालेला होता, दुसऱ्याकडे बघायला सवड नव्हती.

त्यानंतर मेहबूब प्रॉडक्शन्सच्या नावाने त्या तोडीचा चित्रपट आला नाही. हा दोष वारसांचा मानू नये. ही कंपनी एका माणसाच्या डोक्यावर आणि इतर दहा जणांच्या खांद्यांवर उभी होती. डोकं गेलं, खांदे पांगले. व्यवसायाच्या भाषेत ही उणीवच. पण स्टुडिओ राहिला. मुलांनी तो चालवला, चित्रीकरणं होत राहिली. २०१०-११ मध्ये शिल्पकार अनिश कपूर यांचं मोठं प्रदर्शन तिथे भरलं, साहित्य महोत्सव झाले. २००७ मध्ये टपाल खात्याने मेहबूब खान यांचं तिकीट काढलं. आमच्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याने विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव. वांद्र्यातल्या त्या भिंती, आणि त्याहून जास्त ते चित्रपट, ही आता आपल्या सगळ्यांकडे असलेली अमानत आहे.

फिल्म सर्कलचा खेळ अखेर झाला. जवळपास तीन तासांचा चित्रपट, दुपारी साडेचारला सुरू केला. रोजेदार मुलं-मुली आठ-दहा होती. गणिताच्या सरांनी आधीच वेळापत्रक बघून ठेवलं होतं. मगरिबची वेळ झाली तेव्हा त्यांनी स्वतः उठून चित्रपट थांबवला. शिपाईकाकांनी खजूर आणि केळी आणली होती. सगळ्यांनी खाल्लं, रोजा असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही.

खाताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आपल्याला माहीत असतं सातच्या आत खायला मिळणार म्हणून. राधाला माहीत नव्हतं." मला लगेच काही बोलता आलं नाही. मी इतकी वर्षं रोजे ठेवते, शिकवते, लिहिते, पण रोजा आणि उपासमार यांच्यातला फरक इतक्या सोप्या शब्दांत मला सांगता आला नव्हता. रोज्याला संध्याकाळ असते. गरिबाच्या भुकेला ती असेलच असं नाही. म्हणूनच रमजानमध्ये जकात आणि फितरा काढायचा असतो, आणि ईदची नमाज होण्याआधी तो गरजूच्या हाती पोचवायचा असतो.

सरांनी विचारलं, "लावू का पुढे?" मुलं जागेवर बसली. पडद्यावर अजून सुखीलालाचा हिशेब बाकी होता.